एक बॅटरी राहिलीय

“छत्रीत या,” ते म्हणायचे.

ऊन डोक्यावर, आभाळात ढगाचं नाव नाही, आणि हा साठीचा गृहस्थ गिऱ्हाइकासमोर काळी छत्री उघडून धरायचा. छत्रीच्या कडेला चहूबाजूंनी जाड काळं कापड शिवलेलं, गुडघ्यापर्यंत लोंबणारं. गिऱ्हाईक वाकून आत शिरायचं. बाहेरच्यांना फक्त पाय दिसायचे. आत खटका वाजायचा आणि पाठोपाठ प्रश्न यायचा, “पडला का उजेड?”

आमच्या रत्नागिरीत टॉर्चला बॅटरी म्हणतात आणि तिच्यात घालतात ते सेल. तर हे बॅटरीवाले काका. एका दुमजली इमारतीच्या जिन्याखाली बसायचे. दुरुस्त केलेल्या बॅटरीचा उजेड भरदुपारी दाखवायचा कसा, हा त्यांच्या धंद्यातला मूळ प्रश्न, आणि छत्री हे त्याचं उत्तर. पुरुष गिऱ्हाईक असेल तर तेही आत शिरायचे. बाई असेल तर छत्री आणि बॅटरी तिच्या हातात देऊन पाठ फिरवून उभे राहायचे आणि रस्त्याकडे बघत विचारायचे, “पडला का?”

एकदा एक बाई आत गेल्या त्या दहा मिनिटं बाहेरच येईनात. मागे एक कोळीण टोपली खाली ठेवून ताटकळली होती. तिने विचारलं, बाई आत झोपली की काय? काका म्हणाले, “थांब गो, तपासणी चाललीय.” आणखी पाच मिनिटांनी बाई लाल डोळ्यांनी बाहेर आल्या, उजेड चांगला आहे म्हणाल्या आणि गेल्या. मी नंतर विचारलं, काय झालं होतं त्यांना? काका म्हणाले, “मला काय ठाऊक? माणसाला एवढुशी जागा नको का कुठे?” तो विषय त्यांनी तिथेच संपवला.

दोन हजार पाच-सहाचा काळ तो. रोज काही तास लाइट जायची आणि एलईडीच्या रंगीत प्लॅस्टिक बॅटऱ्या रस्त्यावर ढिगाने विकायला आल्या होत्या. घरोघरच्या जुन्या पितळी, स्टीलच्या बॅटऱ्या भंगारात निघाल्या होत्या. काका त्या परत आणवायचे. “अंग चांगलंय, डोळा बदलू,” हे त्यांचं वाक्य. जुना बल्ब काढून ते एलईडी बसवायचे, मागे छोटं सर्किट, रिफ्लेक्टर मऊ फडक्याने लख्ख पुसलेला. दोन जाड सेलांऐवजी तीन पेन्सिल सेल एका गोल खाचेच्या साच्यात. उरलेल्या लांबीत पितळी पट्टी ठोकलेला लाकडी गट्टू. साचा नळीत किंचित सैल बसायचा म्हणून त्याला कागद गुंडाळायचा. आणि काढलेला जुना बल्ब मागच्या झाकणात, स्प्रिंगच्या पोटात. “म्हाताऱ्याला घरातच असू दे,” म्हणायचे.

मी वडिलांची बॅटरी घेऊन त्यांच्याकडे गेले होते. माझे वडील कामगार संघटनेचं काम करायचे. आमच्या घरी धान्याच्या डब्यांपेक्षा पत्रकांचे गठ्ठे जास्त होते आणि मी मुळाक्षरं त्यांवरच गिरवली. ‘आई’नंतर मला लिहिता आलेला दुसरा शब्द ‘जाहीर’ हा होता. असं पोर मोठेपणी अन्याय शोधत फिरतं. मला तो जिन्याखाली सापडला.

इमारतीच्या मालकांना जिन्याखाली मोबाइल रिचार्जचं काउंटर टाकायचं होतं. काकांना त्यांनी जागा सोडायला सांगितलं. ना करार, ना पावती. वीस वर्षं बसत आले एवढाच काकांचा हक्क. बाजारात दुसरी जागा त्यांना मिळणार नव्हती. हे ऐकल्यावर मला त्या दिवशी जेवण गेलं नाही. मी काकांना न विचारता पत्रक लिहिलं, छापखान्यात जाऊन पाचशे प्रती काढल्या आणि ओली शाई घेऊनच त्यांच्यासमोर उभी राहिले. ‘एका पीडित कारागिराची कहाणी,’ असा मथळा होता. ‘जिन्याखाली अंधार माजवू पाहणाऱ्या धनदांडग्याला जाब विचारा,’ हा शेवट.

काकांनी चष्मा लावून सगळं वाचलं. मग विचारलं, “यातला पीडित कोण?”

“तुम्ही.”

“मी?” ते विचारात पडले. “मी आज सकाळी तीन घावणे खाऊन आलोय गो बाय.”

पीडिताला आपलं पीडितपण कळत नाही, हे मी अनेक पत्रकांत वाचलं होतं. मी स्टँडवर वाटप सुरू केलं. लोकांनी पत्रकं अगदी सभ्यपणे घेतली. एकाने त्यात शेंगदाण्यांची टरफलं बांधली, एकाने ओला बाक पुसला, एका आजोबांनी विचारलं, नाटक कधी आहे. शंभर प्रती अशा गेल्यावर मी उरलेल्या चारशे काकांपुढे आपटल्या. ते म्हणाले, “ठेव इथे. घराघरात पोचवतो.”

मला भरून आलं. कारागीर जागा झाला, असं मी त्या दिवशी डायरीत लिहिलं.

दोन-तीन महिन्यांनी एका संध्याकाळी आमच्या शेजारच्या शिक्षिकाबाईंनी मला सेल बदलून द्यायला हाक मारली. त्यांची बॅटरी काकांनीच नवी केलेली. मी झाकण फिरवलं, साचा ओढला, तर त्याच्याभोवती चार घड्या घालून माझं पत्रक. ‘जाब विचारा’ नेमकं घडीवर. माझे कान तापले. बाई म्हणाल्या, “हो गं, हे मागच्या वेळी सेल बदलताना वाचलं मी. कोण तो मालक? असं करू नये माणसाने.”

दुसऱ्या दिवशी मी काकांना जे बोलले ते लिहिण्यासारखं नाही. एका चळवळीच्या साहित्याचा तुम्ही पॅकिंगसाठी वापर केलात, एवढा त्याचा सारांश. ते तारांना डाग देण्याची, सोल्डरिंगची सळई तशीच हातात धरून ऐकत राहिले. मग म्हणाले, “कागद चांगलाय गो तुझा. पेपरचा दोन महिन्यांत भुगा होतो.” आणि मी आणखी तोंड उघडायच्या आत, “तू वाटलंस ते शेंगदाण्यात गेलं. मी दिलेलं घरात राहतं. सेल संपला की वाचतात.”

आता तुम्हाला वाटेल, काका धूर्त होते. मला आधी वाटायचं नाहीत, मग वाटलं आहेत, आता ठरवता येत नाही. कारण मालकांची बॅटरीसुद्धा त्यांच्याकडेच होती. मालकांच्या वडिलांची, पितळी, भारदस्त. भांडण जागेचं होतं, बॅटरीचं नव्हतं, त्यामुळे ती द्यायला मालकांना काही वाटलं नाही आणि घ्यायला काकांनाही. ती नवी होऊन वर गेली आणि कधीतरी मालकांनी सेल बदलले.

ते जिना उतरून आले तेव्हा पत्रक त्यांच्या हातात होतं, घड्या उलगडलेलं. मी तिथेच होते. या क्षणासाठीच मी लहानाची मोठी झाले होते.

“हे मी लिहिलंय,” मी पुढे होऊन म्हटलं.

मालकांनी माझ्याकडे नीट पाहिलं. “तू त्या युनियनवाल्यांची मुलगी ना? तुझ्या वडिलांनी माझ्या वडिलांवर काढलं होतं एक. ते जास्त झणझणीत होतं.”

इतका वर्मी घाव मला आजवर कुणी घातलेला नाही. मी शब्द जुळवत होते तोवर काकांनी छत्री उघडली होती. “शेठ, छत्रीत या.”

दोघं आत गेले. बाहेर चार पाय: काकांच्या रबरी चपला, मालकांचे काळे बूट. आत कुजबुज, मध्येच बॅटरीचा खटका, पुन्हा कुजबुज. पाव तासाने मालक केस सारखे करत बाहेर आले आणि वर निघून गेले.

“काय ठरलं?” मी विचारलं.

“हातातल्या बॅटऱ्या झाल्या की जागा सोडायची. तोवर शेठ काही बोलणार नाहीत. शब्द दिलाय त्यांनी.”

भिंतीवरच्या खिळ्यांना अकरा बॅटऱ्या टांगल्या होत्या. म्हणजे आठ-दहा दिवस. मी त्यांना सरळ सांगितलं, ही शरणागती आहे. ते हो म्हणाले आणि बारावी बॅटरी घेऊन आलेल्या माणसाला म्हणाले, “नवीन घेत नाही आता.” मग जरा थांबून, “ठेव हवं तर. दोन दिवसांत देतो.”

खिळे रिकामे व्हायचे, पुन्हा भरायचे. आज आलेली उद्या जायची. फक्त माझी जाईना. आधी पाच बारीक एलईडी बसवले होते, ते काढून एक मोठा बसवला. मग त्याला रिफ्लेक्टर खोल हवा म्हणून तो मुंबईहून येणार होता. तो आला तर काचेला चरा निघाला. काच बदलली तर खटका अडकायला लागला. खटका झाला तोवर त्याहून तेज एलईडी बाजारात आला आणि काकांनी पुन्हा सगळं सोडलं. मी दर आठवड्याला जाऊन भांडत होते. ग्राहकाच्या हक्कांवर एक पत्रक मनात जवळजवळ तयार होतं.

अधूनमधून मालक जिन्यावरून विचारायचे, “किती राहिल्या, काका?”

“एक.”

“कुणाची?”

“हिची.”

मालक माझ्याकडे बघायचे आणि वर जायचे. मला वाटायचं, मला हसतात.

असे अकरा महिने गेले. एक दिवस काका चहाला गेले असताना मी तिथेच तणतणत उभी होते. मालक खाली आले. म्हणाले, “तुझी बॅटरी झाली की काय होणार, ठाऊक आहे ना?”

मी भिंतीकडे पाहिलं. योगायोगाने त्या दिवशी सगळे खिळे मोकळे होते. एकावर फक्त माझी बॅटरी. अकरा महिने मी दर आठवड्याला येऊन, हक्काने, तावातावाने, या माणसाला इथून ऊठ म्हणून सांगत होते.

“मला काही विचारू नको,” मालक म्हणाले. “मी शब्द दिलाय.” त्यांनी रिचार्जचं काउंटर पहिल्या मजल्याच्या वळणावर कधीच टाकलं होतं.

काका चहा पिऊन आले. त्यांनी छत्री आणि माझी बॅटरी माझ्या हातात दिली आणि पाठ फिरवली. मी आत गेले. उजेड असा पडला की डोळे दिपले.

“पडला का?”

“कडेला जरा पिवळट वाटतोय,” मी आतून म्हटलं.

तत्त्वासाठी खोटं बोलण्याची ती माझी पहिली वेळ. बाहेर काकांनी स्टूल ओढल्याचा आवाज आला. मग म्हणाले, “बघायला हवं मग.”

त्यानंतर जवळजवळ दोन वर्षं आम्ही ती बॅटरी बिघडवत होतो. मी दोष काढायचे, ते मान डोलवायचे. माझ्या डोक्यात इतके दोष भरले की मी जगातल्या कुठल्याही बॅटरीला नापास करू शकले असते. या काळात काकांचे डोळे मात्र खरोखर बिघडत गेले. तार लाल की हिरवी, हे ते मला विचारायला लागले. डाग देताना बोट भाजायचं, तर सळईलाच रागावायचे. मी एकदा म्हटलं, अंग चांगलंय काका, डोळा बदलू. मोतिबिंदूचं एवढं काय? ते म्हणाले, “माझ्या मापाचा यायचाय मुंबईहून.”

त्या मे महिन्यात मी चार दिवस मालगुंडला मावशीकडे गेले होते. परत आले तर जिन्याखाली स्टूल नव्हतं, सळई नव्हती. मालक पायरीवर बसले होते. त्यांनी बॅटरी माझ्यापुढे धरली.

“संपल्या,” ते म्हणाले.

काकांची सावर्ड्याला दिलेली मुलगी येऊन त्यांना घेऊन गेली होती. नुसता मोतिबिंदू नाही, डोळ्यांचं आता कठीणच आहे, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. जायच्या आदल्या दिवशी काकांनी दिवसभर बसून माझी बॅटरी पुरी केली होती, तारांचे रंग मालकांना विचारून विचारून.

“मी ऊठ म्हटलं नाही हं,” मालक म्हणाले. “पत्रक काढू नको.”

मी झाकण फिरवलं. स्प्रिंगच्या पोटात वडिलांचा जुना बल्ब होता. साच्याभोवती माझं पत्रक. मथळ्यातल्या ‘पीडित’ या शब्दावर निळ्या पेनाने काट मारली होती, थरथरती, पण नेमकी. बाकीचा मजकूर मंजूर असावा.

खटका दाबला. भर उन्हात काहीच कळेना. मी भिंतीकडे पाहिलं, तर ज्या खिळ्यावर माझी बॅटरी इतकी वर्षं टांगलेली असायची, त्यावर छत्री होती. मी ती उघडली आणि आत शिरले.

स्वच्छ पांढरा गोल जमिनीवर पडला. जांभ्याच्या त्या फरशीवर वीस-बावीस वर्षांत सांडलेले डागाच्या कथलाचे थेंब होते, शेकडो, बारीक बारीक. उन्हात ते मला कधी दिसले नव्हते. आता सगळे चमकत होते.

बाहेर कुणीतरी रिक्षा थांबवून विचारलं, बॅटरीवाले काका कुठायत, आणि ही आत कोण?

“थांब,” मालक म्हणाले. “तपासणी चाललीय.”