जावेच्या राबावरचं भात

गावदेवीला मी नवस बोलले तेव्हा त्यात माझ्या पायाचं नाव नव्हतं, थोरल्या जावेचं होतं. "हिचं नाक माझ्या डोळ्यांदेखत ठेच, खणा-नारळानं तुझी ओटी भरीन," असं मी खाटेवर पडल्या पडल्या म्हटलं. बरं कर म्हणायचं सुचलंच नाही.

म्हसा गावच्या जत्रेहून परतताना आमची मोटारसायकल घसरली होती. नवऱ्याला खरचटण्यावर निभावलं, माझ्या मांडीचं हाड मोडलं. मांडीत सळई घालून घरी आणलं तेव्हा जावेनं आठ दिवस भाकरी पोचवली. नवव्या दिवशी दारातच उभी राहून म्हणाली, "माजं मला घर हाय गो. आनि घरामागचं खाचर यंदा आमीच लावतो. तुज्याच्यानं काय होनार नाय."

ते भाताचं खाचर आमच्या वाटणीचं. पण वाटणी तोंडी, सातबाऱ्यावर अजून सासऱ्यांचंच नाव. नवऱ्याला सांगितलं, तर तो कामावर जायला आसनगावची गाडी गाठायच्या घाईत. "एका वर्षानं काय होतं, जाऊ दे," म्हणाला. जाऊ दे म्हणणाऱ्या माणसाशी संसार करणं हे मोडलेल्या हाडापेक्षा अवघड आहे. एका वर्षानं काय होतं ते मला माहीत होतं. पुढच्या वर्षी ती म्हणाली असती, मागच्या वर्षी आम्हीच लावलं होतं.

आमच्याकडे भाताची रोपं करायची जागा आधी भाजून घेतात. तोडलेल्या फांद्यांचा पाला, शेण, गवत, वरून बारीक माती, असा थर रचून पेटवतात. त्याला राब म्हणतात. ज्यानं राब भाजला त्यानंच तिथे पेरायचं आणि त्या रोपांनी ते खाचर लावायचं. कागद कोणी विचारत नाही. फाल्गुनात खिडकीतून पाहते तर जाऊ माझ्या खाचरात पाल्याचे भारे टाकत होती. रोज चार-पाच भारे, डोक्यावरून. वाकायची, टाकायची, कमरेवर हात ठेवून माझ्या खिडकीकडे बघायची. माझ्या अंगाची लाही लाही व्हायची. डॉक्टरांनी सांगितलेला व्यायाम तोवर मी टाळत होते. त्या दिवसापासून सुरू केला. दर पावलाला तिला एक शिवी. सहा आठवड्यांत मी वॉकर धरून अंगणात आले. लोक म्हणाले, देवीची कृपा. मी म्हटलं, असेल.

चैत्रात तिचा थर रचून झाला, फक्त वरची माती राहिली होती. तो मीच पेटवायचा, असं मी ठरवलं. पाला तिचा, कष्ट तिचे, आणि काडी माझी. तिनं तोंडात मारल्यासारखं बघत राहावं, एवढंच मला हवं होतं.

राब सकाळी भाजतात, वारा पडलेला असताना आणि वाऱ्याच्या विरुद्ध बाजूनं, म्हणजे आग सावकाश सरकते. वीस वर्षं मी राब भाजलेत. रागाच्या भरात विसरले, असं मी नंतर सगळ्यांना सांगितलं. ते खोटं. सकाळी जाऊ तिथे असायची म्हणून मी भर दुपार निवडली, आणि पलीकडे चालत जायचं जिवावर आलं म्हणून वाऱ्याच्याच बाजूनं काडी लावली.

वर माती नव्हती. पाला धडाधडा पेटला आणि घटकाभर मला इतकं गार वाटलं की काय सांगू. मग वारा फिरला. बांधावरचं वाळलेलं गवत पेटलं आणि आग माझ्याकडे वळली. मागे सरायला गेले, तर वॉकरचा पाय जमिनीच्या भेगेत अडकला. ओढला, निघेना. सोडला असता तर पडले असते. नवरा कामावर, आणि हाकेच्या अंतरावर घर एकच, ते तिचं. मी हाक मारली नाही. खरंच सांगते, धुरानं डोळे मिटत होते तरी मी दात आवळून उभी होते.

ती स्वतःहून आली. गोठ्यातून धावत, पेटलेल्या पाल्यातून सरळ. तिनं मला मागून काखेत धरलं आणि भाताच्या पेंढीसारखं ओढत रस्त्यापर्यंत आणलं. तिच्या डाव्या हाताला कोपरापासून मनगटापर्यंत भाजलं होतं.

"मेली असतीस ना गो!" ती ओरडली. मग खाचराकडे बघितलं. दीड महिन्याचं काम काळं पडलं होतं. धापा टाकतच म्हणाली, "पेर आता. तूच भाजलास ना!"

हात पुढे करून ते खाचर मला परत देताना तिचा आवाज जरासुद्धा नरम नव्हता. मला तो नरम झालेला चाललाही नसता.

मी पेरलं. रोपं अशी आली की बघणारा थांबायचा. तिच्या पाल्याची राख होती ती, दुसरं काय! लावणीच्या दिवशी मी कोणाला बोलावलं नव्हतं, कारण त्या बदल्यात दुसऱ्यांच्या शेतात जायला माझा पाय चालत नव्हता. मी बांधावर बसून होते. सकाळी ती तीन बायका घेऊन आली, माझ्याकडे न बघता चिखलात उतरली आणि संध्याकाळपर्यंत खाचर संपवून गेली. मी चहा केला. तिनं तो घेतला, साखर कमी आहे म्हणाली. साखर मी मुद्दाम कमी घातली होती.

नवा तांदूळ निघाल्यावर पहिली मूठ आणि ओटी घेऊन मी गावदेवीला गेले. नवस फिटला की नाही, ते मला कळत नव्हतं. नाक ठेचलं होतं, पण माझं. पायावर मी उभी होते, खाचर माझं राहिलं होतं, जीव वाचला होता. मी मागितलं त्यापेक्षा कितीतरी जास्त पदरात पडलं होतं, आणि मी कृतज्ञ होते. हा शब्द लिहितानाही माझा हात अडतो, पण होते. शेजारी जाऊ तिची मूठ घेऊन उभी होती. डाव्या हातावरचा डाग अजून गुलाबीच होता. मी तिला काही बोलले नाही. आजही बोललेली नाही.

ओटी ठेवली, हात जोडले आणि देवीला मनातल्या मनात म्हटलं, द्यायचं होतं ते सगळं दिलंस, बाई. पण हिच्याच हातून का दिलंस?