बैठकीतला समुद्र आणि पलीकडचा काठ

नातवंडांनो, आजोबांच्या मागे भिंतीवर ते मातकट काय दिसतं, असं तुम्ही व्हिडिओ कॉलवर विचारलंत. मी सांगायला लागले की आजोबा मध्येच बोलतात, म्हणून क्रमाने लिहून काढते.

आजोबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि सोलापूरच्या डॉक्टरांनी लांबचा प्रवास बंद केला. मे महिन्यात तुम्ही परदेशातून येणार आणि आपण सगळे पुन्हा कोकणात जाणार, हे ठरलेलं होतं. घरी आल्यावर आजोबा बैठकीतल्या खुर्चीत बसले आणि म्हणाले, "म्हंजे समुद्र राहिला."

कळंबच्या अडत दुकानात, धान्याच्या पोत्यांत त्यांचं आयुष्य गेलं. तुमच्याबरोबर त्यांनी पहिल्यांदा समुद्र पाहिला. परतल्यावर जो भेटेल त्याला सांगायचे, "लई पाणी. आन् पल्याड काठच न्हाय." तो समुद्र आता भिंतीवर आणायचा असं मी ठरवलं.

मी टेपने भिंत मोजली, फ्रेम केलेली तीन चित्रं ऑनलाइन मागवली, पेन्सिलने खुणा केल्या आणि तिन्ही एका रेषेत लावली. पांढरी वाळू, निळंशार पाणी, पट्ट्यापट्ट्यांच्या छत्र्या. आजोबांनी चष्मा लावून पाहिलं.

"हे कुणाचं गाव?"

"समुद्र आहे, अहो."

"आपला मातकट होता. आन् इथं माणूसच न्हाय. भेळवाला कुठंय?"

आमच्याकडे राहणाऱ्या आक्का, म्हणजे आजोबांची थोरली बहीण, सुपारी कातरत म्हणाल्या, "दवाखान्यात असतात असली चित्रं. बघितलं की वाटतंय, आपला नंबर कवा लागंल."

चित्रं आतल्या खोलीत गेली. मग मी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर नावं आणि दुकानांच्या पाट्या रंगवणाऱ्या पेंटरला बोलावलं. तुम्ही पाण्यात ओळीने उभे आहात तो फोटो त्याला दिला आणि बजावलं, "माणसं नकोत. फक्त समुद्र." रंगाच्या वासाने आजोबांना खोकला येतो, म्हणून काम होईपर्यंत त्यांची खुर्ची आत हलवली. पेंटरने भिंतीपुढे जुनी चादर बांधली आणि पुरं होईपर्यंत बघायचं नाही, अशी अट घातली.

चादर निघाली तेव्हा मी आधी खूश झाले. पाणी अगदी आपलं, मातकट. लाटेचा फेस छान. वाळूवर काढून ठेवलेल्या तुमच्या चपलासुद्धा होत्या. मग नजर वर गेली. समुद्राच्या पलीकडे काठ होता. काठावर बाभळी, दोन बगळे, टेकडीवर देवळाचा कळस, आणि शेताला पाणी उपसणाऱ्या मोटारीची खोली. खोलीशेजारी विजेचा खांब, आणि खोलीतून निघालेला पाइप थेट समुद्रात.

"हे काय?"

"काठ, काकू."

"समुद्राचा पलीकडचा काठ दिसत नाही."

"फोटूत तिथं पोरांची डोकी आलीत. तुमीच म्हणला, माणसं नको. मग डोक्यांमागं जे असंल ते काढलं. म्या समुद्र न्हाय, मांजरा नदीवरलं धरण बघितलंय. काठ न्हाय तर पाणी थांबंल कशानं?"

मी त्याला काठ पुसायला सांगितलं. आजोबांना जे आवडलं होतं तेच नेमकं चित्रात नव्हतं. पण पेंटर ब्रश हातात घेईपर्यंत आजोबा वॉकर टेकत बाहेर आलेच. चष्मा पुसून त्यांनी चित्र जवळून पाहिलं.

"पुसून देतोय तो," मी म्हणाले.

"मोटार कुणाची हाय ही?" आजोबांनी विचारलं. "खाऱ्या पाण्यावर ज्वारी भिजवतोय का काय?" आणि ऑपरेशननंतर पहिल्यांदा ते पोट धरून हसले. पेंटरही हसला.

"मोटार पुसा," आक्का म्हणाल्या, "पण काठ न्हाय पुसायचा. काठ न्हाय तर पोरं राहतात कुठं? समुद्राच्या पल्याडच हैत न्हवं ती?"

आजोबांनी पुन्हा काठाकडे पाहिलं.

"व्हय की," ते म्हणाले. "आपुन हितनं बघत हुतो, म्हणून दिसला न्हाय. राहू दे."

मोटारीची खोली, खांब आणि पाइप गेले. तुमच्याकडे बाभळी नसतात यावर मी अडून बसले, म्हणून बाभळीही गेल्या. कळस आक्कांनी पुसू दिला नाही. आता आजोबा सकाळचा चहा भिंतीसमोर घेतात आणि आलेल्या प्रत्येकाला काठावर बोट ठेवून तुमचं घर दाखवतात. तिथे घर अजून नाही, नुसती मोकळी जागा आहे.

म्हणून विचारते, तुमच्या दारात कुठलं झाड आहे, आणि दाराचा रंग कोणता? नीट बघून कळवा. पेंटरचे रंगाचे डबे अजून व्हरांड्यातच आहेत, आणि तो ते न्यायला आला की आजोबा त्याला दर वेळी सांगतात, "थांब, पोरांना विचारलंय."