पाण्याखालचं केळं

आमच्या सावेडीतल्या इमारतीत तळमजल्यावर राहणारे ते गृहस्थ पाठीवर हवेची टाकी बांधून धरणात उतरतात आणि दरवाज्यांची दुरुस्ती करतात. घरीसुद्धा ते केळं चावून खात नाहीत. सालीचं टोक तोंडात धरून टूथपेस्टसारखं पिळतात. माझी पत्नी हसायची, तेव्हा ते समजावायचे, "वहिनी, खाली लई वेळ काढायचा तर असंच खावं लागतं. तोंडातली नळी काढायची, घास घ्यायचा, ओठ मिटून गिळायचा, नळी परत लावायची. पाण्यात तहान कळतच न्हाई, म्हणून पिशवीतलं पाणी आठवणीनं चोखायचं."

"आणि ठसका लागला तर?" तिनं विचारलं.

"म्हणून तर एकानं खायचं, अन् जोडीदारानं नजर हटवायची न्हाई."

पुढे पत्नी वारली. पाहुणे परतले आणि माझं जेवण सुटलं. शेजारून आलेला डबा तसाच परत जाई. एका दुपारी तळमजल्यावरचे ते गृहस्थ आले. डबा उघडून माझ्यापुढे सरकवला, तांब्या भरून ठेवला आणि समोर बसले.

"तुम्हीही घ्या ना," मी म्हणालो.

"मी न्हाई. तुमी खा, सर. मी बघतोय."

शेवटचा घास गिळेपर्यंत त्यांची नजर माझ्यावरून हलली नाही.