भावकीच्या फोनात चंद्रावतीची ओटी

चंद्रावतीच्या पोटात गेलेली गोष्ट बाहेर येत नाही. पनवेलहून तळोज्याकडे जाताना लागणाऱ्या कुठल्याही आगरी गावात विचारा, हेच ऐकाल. ती धवलारीण, लग्नात हळदीपासून नवरी पाठवेपर्यंत धवले गाणारी, देवांना आवतण देणारी. अशा बाईला घराघरातलं सगळं कळतं. कुणाची सून रुसून माहेरी बसलीय, कुठल्या भावांनी एकमेकांचं तोंड बघणं सोडलंय. कळतं आणि तिथंच राहतं. म्हणून तर दुपारी सुकट निवडायच्या निमित्तानं बाया तिच्या पुढच्या ओटीवर येत आणि मन मोकळं करून जात. नवरा गेल्यावर तिला सावरलं ते या बायांनीच.

त्या ओटीवर तिच्या लेकानं, परेशनं, कॅमेरा बसवला. हा राहतो खारघरला, उंच इमारतीत. आईला तिथं करमत नाही आणि याला इथं यायला सवड नाही. मग काय, उंटावरून शेळ्या हाकायची सोय!

"आई, तू एकटी असतेस. पडलीबिडलीस तर मला फोनवर दिसायला नको?"

"पडली तर वरडन की. गाव काय बहिरा नाय."

पण लेकाचं मन तिला मोडवेना. काळजी करतोय, करू दे. त्यात नुसतं चित्र दिसतं असं ती समजून चालली. आवाजही जातो, हे सांगायची त्या शहाण्याला गरज वाटली नाही.

मालू ही चंद्रावतीची धाकटी जाऊ, घर शेजारीच. मालूच्या लेकाला, हृतिकला, ते घर पाडून बिल्डरला द्यायचं होतं. इमारत उभी राहीपर्यंत आई उरणला लेकीकडे राहील, असं यानंच ठरवलं. आईला विचारतो कोण! एका दुपारी ओटीवर, मांडीवर सूप घेऊन मालू कुजबुजली, "बाय, कुनाला बोलू नको. मोऱ्याहून माजे भाव येनार हायेत. रविवारी भावकी बसंल तेवा तेच बोलतील. मामांपुढं त्याची जीभ नाय उचलायची."

रविवार आला, भाऊ आलेच नाहीत. हृतिक आधीच मोऱ्याला जाऊन आला होता. आईला हल्ली भास होतात, काहीबाही बरळते, असं मामांच्या कानात भरवून आला. वर थोरल्या भावानं फोन करून मालूलाच दटावलं, "पोराचा ऐक, डोक्याला तरास देऊ नको."

आता ही गोष्ट मालूनं एकाच माणसाला सांगितली होती. ती भर दुपारी चंद्रावतीच्या अंगणात उभी राहून ओरडली, "देवाची गानी गातंस ना? आनि माजं घर मोडलंस!"

"मालू, माज्या तोंडातनं शबुद गेला नाय."

"मंग काय भिंतीनं सांगितला?"

बस्स. गावभर झालं. बायांनी ओटीकडे पाठ फिरवली. पुढच्याच आळीतल्या हळदीला लांबच्या गावची धवलारीण बोलावली, आणि तिचं गाणं चंद्रावतीनं घरात बसून ऐकलं. चोर सोडून संन्याशाला फाशी! ती रडली नाही. दात-ओठ खात भांडी घासत बसली.

तेवढ्यात परेशचा फोन. "आई, मालूकाकी त्या दिवशी काय ओरडत होती गं तुझ्यावर? घर मोडलंस म्हणे?"

चंद्रावतीचा हात थांबला. "तुला कसा ऐकू आला?"

"कॅमेऱ्यात आवाज येतो की."

"हृतिकला तूच सांगितलास?"

"मी कशाला सांगू? त्याच्या फोनवर पण आहे ना कॅमेरा. भावकीतल्या सगळ्या पोरांना पासवर्ड दिलाय. मी इथं लांब, काही झालं तर धावून कोण येणार? आपलीच माणसं आहेत, आई."

आपलीच माणसं! तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. घराची किल्ली कुणी गावात अशी प्रसादासारखी वाटतं का? त्या ओटीवर ती केस विंचरत बसे, गुडघ्यांना तेल चोळी, नवऱ्याच्या आठवणीनं एकटीच रडे. आणि कालची शेंबडी पोरं ते फोनवर बघत होती!

"मेल्या, माजा तमाशा मांडलास रं!" म्हणत तिनं फोन आपटला.

सांगून मालूला पटणार नव्हतं. चंद्रावतीनं तिचं मनगट धरलं, ओढतच मागच्या दारानं आपल्या घरात आणलं आणि ओटीच्या दाराआड उभं केलं. "तोंड उघडू नको. नुसती बघ."

मग ती कॅमेऱ्याखाली बसली आणि समोर कुणी बाई असल्यासारखी बोलली, "आयकलंस का गो? मालू वकिलाकडं गेली हाय. घर लेकीच्या नावावर करते."

एक भाकरी भाजून होईल, एवढ्या वेळात हृतिकची मोटारसायकल अंगणात शिरली. "काकी, कुठल्या वकिलाकडे गेलीय आई?"

"तुला कोनी सांगितला रं?"

त्याची नजर आधी वर कॅमेऱ्याकडे गेली. "लोक बोलतात."

दाराआडून मालू बाहेर आली. लेकाकडे तिनं बघितलंसुद्धा नाही. पदर खोचून ती कॅमेऱ्यासमोर उभी राहिली.

"भावकीच्या पोरांनो, आयकताव ना? मंग नीट आयका! माजं डोकं ठिकान्यावर हाय. मी घर सोडनार नाय आनि सही देनार नाय. ह्ये माज्या भावांना पन दाखवा!"

"आई, घरी चल. सगळे ऐकतायत."

"आयकू दे की! तूच आयकत व्हतास ना इतके दिस?"

गाडी वळवून हृतिक निघून गेला.

चंद्रावतीनं काठी आणून कॅमेरा खाली पाडला आणि फोन करून परेशला सुनावलं, "उचलून न्यायला ये. आनि काळजी वाटली, तर आपल्या पायानं येत जा."

मालू जवळ आली. डोळ्यांना पदर लावून म्हणाली, "बाय, चुकली मी. त्या मेल्या यंत्रानं आपल्यात काडी घातली."

चंद्रावतीनं तिचा हात झटकला.

"यंत्राला कशाला बोल लावतंस? मी कोन, ते त्याला ठाव नव्हता. तुला तर ठाव व्हता ना, मालू?"