गप्प बसण्याची फीस

“आज किती बोलला?”

पदराची गाठ दातांत धरून ती नवऱ्याबद्दल हे विचारायची. गाठीत साहेबांची फीस असायची, आणि उत्तर मिळेपर्यंत गाठ काही सुटायची नाही. औषधाच्या खिडकीमागे मी, खिडकीपुढे ती, तिच्यामागे खोकणारी-कण्हणारी सगळी रांग, आणि ही बाई आपली गाठ चावत उभी. मी म्हणायचो, “बाई, मी इथं बाहेर आहे. मला कसं कळणार?” त्यावर ती म्हणायची, “मंग पगार कशाचा घेता?” घ्या! म्हणजे आता माझ्या पगाराचा हिशोब हिला द्यायचा.

परभणीला स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमच्या साहेबांचा दवाखाना होता. साहेब आधी हैदराबादला मनाच्या रोग्यांवर इलाज करायचे. निजामी गेली, राज्य बदललं, तसे ते नोकरी सोडून आपल्या गावी आले. सकाळी ताप, खोकला, खरूज, येईल ते बघायचे. पण बाजाराच्या दिवशी दुपारी, बाहेर औषधाची रांग असली तरी, आतल्या खोलीत एकेका माणसाला घेऊन, दार लावून बसायचे. त्या माणसाला गोळी नाही, सुई नाही, काढा नाही. त्यानं नुसतं बोलायचं आणि उठताना फीस द्यायची. मी पडलो कंपौंडर. माझी सगळी विद्या बाटलीत लाल औषध भरून बाहेरून डोसाची कागदी पट्टी चिकटवण्यापुरती. हा बिनबाटलीचा इलाज मला तेव्हाही कळला नाही आणि खरं सांगू का, आजही नीट कळलेला नाही. तुम्हाला कळला तर मला जरूर सांगा.

ती पोखर्णीकडच्या एका वाडीवरची. मेंढरं राखणारं घर. नवरा उंचापुरा, डोक्याला लाल पागोटं, खांद्यावर घोंगडी, आणि तोंडाला कुलूप. निजामी गेली त्या साली तो मेंढरं घेऊन गंगाखेडच्या अंगाला, गोदावरीच्या काठाकाठानं चरायला गेला होता. परत आला तो एकटाच. मेंढरं नाहीत, कुत्रं नाही आणि तोंडात शब्द नाही. अंगावर ओरखडासुद्धा नव्हता. काय झालं, कसं झालं, वाडीवर जो तो वेगळंच सांगायचा. पुढं भावानं थोडी मेंढरं दिली, ती हा वाडीच्या आसपास चारायचा. काम बैलासारखं करायचा, पुढ्यात ठेवलं ते खायचा, पण बोलायचा नाही. फार तर ‘हूं’.

हे सगळं मला तिनंच सांगितलं. मला म्हणजे बाकड्यावर बसलेल्या सगळ्यांना, आणि तेही पहिल्याच दिवशी.

“सरकारी दवाखान्यात फुकट हाय सगळं,” ती सांगत होती. “तिथं जीभ बगितली, घसा बगितला, बाटली देली. बाटली सरली, ह्यो गपच. मंग तिथल्याच एका बाईनं सांगितलं, स्टेशनाकडच्या साहेबाकडं जा, त्ये बसवून बोलून घेतेत. पर पैसे पडतेत म्हणली. म्हणलं पडू दे. बायकूशी चार वर्सं बोलला न्हाई मानूस, त्येला फुकटात कोन बोलतं करील?”

साहेबांनी नवऱ्याला आत घेतलं आणि दार लावू लागले, तर हिनं उंबऱ्यावर पाय ठेवला.

“मी बायकू हाय त्येची.”

“म्हणूनच आपण बाहेर बसा,” साहेब म्हणाले. साहेबांचं बोलणं हैदराबादी, कुणालाही अहो-जाहो. “जे काय बोलायचं ते यांना माझ्याशी एकट्याशी बोलू द्या.”

“अन् मंग तुमी मला सांगनार?”

“नाही.”

तिनं माझ्याकडे बघितलं, मी छताकडे बघितलं. पाय कसाबसा निघाला आणि दार लागलं.

मग तिनं पिशवीतून लोकर काढली आणि बाकड्यावर बसून चातीवर सूत कातायला लागली. त्या दिवसापासून तो आत असला की ही बाहेर कातायची. लोकरीचा फुफाटा सगळ्या दवाखान्यात. औषधाच्या मापात केस, मलमाच्या डबीत केस. मी झाडू घेऊन कुरकुर करायला लागलो की म्हणायची, “झाडा की! ह्या सुतातनंच तुमची फीस निघायलीय.” खरंच होतं ते. त्या सुताची घोंगडी व्हायची, नाहीतर सूतच बाजारात विकलं जायचं, आणि पुढच्या बाजाराला पदराची गाठ भरून यायची.

पहिल्या दिवशी नवरा बाहेर आला तशी ती खिडकीशी आली. “बाटली?”

“बाटली नाही. याला औषध नसतं.”

“मंग पैसे कशाचे?”

मी विचार केला. मला तरी कुठं माहीत होतं! “बसण्याचे,” मी म्हणालो.

“बसायचे? आमच्या पारावर सकाळपासनं फुकट बसतेत लोकं.”

त्यात आणखी एक घोळ. त्या वर्षांत आमच्याकडं दोन-दोन रुपये चालायचे, निजामाचा हाली आणि हिंदुस्थानचा कलदार. हालीची किंमत कमी. साहेब फीस कलदारात घ्यायचे आणि तिनं गाठीतून काढले ते हाली. मी समजावून सांगायला गेलो तर म्हणाली, “राज येक झालं म्हणतेत अन् रुपाया येक न्हाई? आधी तुमी ठरवून घ्या, मंग गरिबाला सांगा.” रांगेतली माणसं हसली. वरचे पैसे मी पुढच्या बाजारावर टाकले, आणि पुढच्या बाजाराला तिनं ते न मागता समोर ठेवले.

दोन-तीन बाजार गेले तरी आतून आवाज नाही. साहेब एका सतरंजीवर, तो दुसऱ्या सतरंजीवर, कारण खुर्चीवर बसायला तो तयार नव्हता. दोघंही गप्प. हे लक्षात आल्यावर बाईनं नवाच सौदा काढला. “बोलला तर पुरी फीस. गप बसला तर निम्मी.”

मी निरोप आत पोचवला. साहेब हसले नाहीत. स्वतः खिडकीशी आले. “बाई, गप्प बसले तरी फीस तेवढीच.”

तिचा हात कंबरेवर गेला. “गप बसायचे पैसे? आवो साहेब, गप तर ह्यो घरी फुकट बसतोय!”

सगळा दवाखाना खो-खो हसला. मीही हसलो. मग बघतो तर ती हसत नव्हती, तिच्या डोळ्यांत पाणी होतं. गाठ सोडून तिनं पैसे ठेवले, पुरे, आणि काहीएक न बोलता निघून गेली. ती न बोलता गेलेली मी पहिल्यांदाच बघितली.

पुढं भिंतीपलीकडून पुटपुट ऐकू यायला लागली. आधी एखादा शब्द पडल्यासारखं, मग बारीक धार लागल्यासारखं. चाती हातात तशीच धरून ती भिंतीकडं तोंड करून बसायची. शब्द कळायचे नाहीत, नुसता आवाज. “त्येचाच हाय ना?” मला विचारायची. मी मान हलवायचो.

एका बाजाराला तिनं माझ्यासाठी खरवस आणला. झाकण काढलं तर असा पिवळा, वेलची घातलेला! म्हणाली, “खा, कंपौंडर. अन् जरा दाराला कान लावा की. तिकडं काय झालं, मेंढरं कुठं गेली, कायतरी सांगत असंल. मला येवढंच पाह्यजे. त्येच्या पोटात काय हाय त्ये कळलं म्हंजी मी त्येच्या बाजूला बसंन तरी.” मी खरवस खाल्ला, कान लावला नाही. ती दोन बाजार माझ्याशी बोलली नाही, आणि खरं सांगतो, मला ते बरं वाटलं नाही.

मग तो हसला. आत, खोलीत. मोठ्यानं नाही, पण नक्की हसणंच. तिच्या हातातलं सूत तुटलं. ती उभी राहिली, बसली, परत उभी राहिली. दार उघडलं तशी साहेबांच्या पुढ्यात.

“कशाला हसला?”

“ते त्यांचं आहे, बाई.”

“पैसे माह्ये अन् हसू त्येचं?”

तुम्हीच सांगा, काय चुकलं तिचं? रात्रंदिवस कातायचं हिनं, चार कोस चालत यायचं हिनं, आणि ज्या हसण्यासाठी जीव टाकला ते दुसऱ्याच माणसासमोर दाराआड सांडायचं! मला वाटलं, साहेबांनी सांगावं की. काय एवढं मोठं असणार! मग वाटलं, आज हे सांगितलं तर उद्या तो दुसरं काही बोलेल का? एकदा इकडून बरोबर वाटायचं, एकदा तिकडून. दवाखाना बंद करून घरी जाताना मी दोघांनाही मनातल्या मनात शिव्या घालायचो.

बाजारातून परतताना ते दोघं मला रस्त्यात दिसायचे. तो पुढं, ती मागं. ती बोलतेय, हातवारे करतेय, भाव सांगतेय, कुणाला पोर झालं ते सांगतेय. तो चालतोय.

उन्हाळा तोंडावर आला होता. एके दिवशी साहेबांनी दोघांनाही समोर उभं केलं आणि म्हणाले, “यांना आता माझी गरज नाही. पुढच्या बाजारापासून येऊ नका.”

खरं तर आनंदाची गोष्ट. वाडीवरची माणसंही सांगत होती. तो बाजारात मेंढराचा सौदा करायला लागला होता. भावाशी बोलला, जिंतूरच्या डोंगराकडं मेंढरं घेऊन जायचं आपल्या तोंडानं म्हणाला. इतक्या वर्षांनी पहिल्यांदा तो लांब जाणार होता. तो काठी घेऊन बाहेर गेला, पण ती जागची हलली नाही.

“बरा झाला म्हनायचा?”

“झाले.”

“भावाशी बोलायलाय. येपाऱ्याशी बोलायलाय. मेंढरावर वरडायलाय. माह्याशीच न्हाई बोलायला, साहेब. मंग मी कशाची फीस भरली?”

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. “ते माझ्या हातात नाही, बाई.”

मला साहेबांचा फार राग आला. आजही आठवलं की येतो. आणि लगेच वाटतं, त्यांनी तरी काय करायचं होतं? तिच्या नवऱ्याच्या तोंडात तिच्यासाठीचा शब्द ते कुठून आणून घालणार?

यानंतर ती एकदाच दवाखान्यात आली. पुन्हा कधी नाही, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे तुम्ही उगीच वाट बघणार नाही. पुढच्याच बाजाराला आली. एकटीच. हातात लोकर नाही, पिशवी नाही. काही न विचारता फीस माझ्यापुढं ठेवली, कलदारात.

“मला बसायचंय आत.”

“तुम्हाला काय होतंय?”

“काय न्हाई. बसायला काय व्हावं लागतंय का?”

साहेबांनी दार उघडलं, ती आत गेली. मला वाटलं, आज भिंत फुटणार. चार-पाच वर्षांचं साचलेलं, आणि त्यात ही बाई! मी बाटल्या भरता भरता कान टवकारून होतो. पण आतून आवाजच येईना. हुंदका नाही, पुटपुट नाही, काही नाही. सबंध वेळ गेला. पैसे मोजून ती आत नुसती गप्प बसली होती.

एवढ्यात दारात सावली पडली. वर बघतो तर तिचा नवरा. पागोट्यावर धूळ, पायांवर धूळ. मेंढरं कुणाकडं सोडून आला, कुणी सांगितलं त्याला, माहीत नाही. मी म्हणालो, “तुमचं आज नाही.”

“ठाव हाय,” तो म्हणाला. “ती आत हाय का?”

त्याचा आवाज मी पहिल्यांदा समोरासमोर ऐकला. साधाच होता, थोडा घोगरा. मी म्हणालो, आहे.

“लय वेळ झाला?”

“झाला.”

तो बाकड्यावर बसला. काठी दोन्ही हातांत धरून, दाराकडं बघत.

दार उघडलं. ती बाहेर आली ती डोळे सुजलेली, आणि त्याला बघून घाबरलीच. “काय झालं? मेंढरं कुठायत? कामून आलात?”

तो उठला. एवढा उंच माणूस, पण कसं उभं राहावं हेच त्याला कळत नव्हतं. काठी या हातातून त्या हातात घेतली. तोंड उघडलं, मिटलं, परत उघडलं.

“लय दमलीस का?”

मग तिनं त्याच्याकडं नाही, वळून माझ्याकडं बघितलं. रांगेतला खोकलाही थांबला होता. साहेब दारात उभे होते.

“ओ कंपौंडर,” ती अगदी हळू म्हणाली, “मला इचारायलाय का ह्यो?”

“तुम्हालाच, बाई,” मी म्हणालो. “तुम्हालाच विचारायलेत.”