मागच्या सीटवरची साक्ष

काका गेल्याचा फोन आला तेव्हा मी परभणीत, कॉलेजच्या प्रयोगशाळेत होते. चुलत भाऊ रडत होता. मी “बरं” म्हणाले आणि फोन ठेवला... दीड महिना झाला, त्या एका शब्दाची अजून लाज वाटते.

काका एसटीचे ड्रायव्हर होते. निवृत्त होऊन पेडगावात आमच्या घरी राहायला आले आणि बिनपगारी कामाला लागले. गावात कुणाला स्कूटर घ्यायची असली की आधी काकांनी ती चालवून बघायची. शोरूमवाल्याच्या गोड बोलण्याकडे त्यांचं लक्ष नसे. गाडी पिंगळीच्या रस्त्याला काढायची, उसाच्या ट्रॅक्टरमागं जरा रेंगाळायचं आणि मग मूठ पिळून पुढं जायचं. गाडीला धाप लागली की ती नापास. मागच्या सीटवर नेहमी मी असायचे. इंजिन, ब्रेक, वळण यांचा निकाल ते स्वतः देत. उतरल्यावर मला मात्र एकच विचारत, “सांग माय, पायाला काय लागलं?” इंग्रजी शाळेत मी कधी हात वर केला नाही. त्यांच्या कानाशी पुटपुटायचे, आणि ते ऐटीत जाहीर करायचे, “पोरगी म्हणती, मागचे शॉकअप कडक हायेत.” घरातल्या अबोल मुलीला ते मान देतात, असंच मला वाटायचं.

मागच्या वर्षी शेजारच्या विठ्ठलरावांनी जरा मोठी, दणकट स्कूटर पसंत केली. काकांनी एखाद्या गाडीचं एवढं कौतुक केलेलं मी ऐकलं नव्हतं. “वाऱ्यानं हलत न्हाई, वजन कळत न्हाई. हिच्यावर देवगाव फाट्याला जाऊन आलं तरी पाठ बोलायची न्हाई!” विठ्ठलरावांनी पेढ्यांचा पुडा उघडलासुद्धा. तेवढ्यात काका माझ्याकडे वळले. वेग वाढला की माझ्या पायांतून गुडघ्यापर्यंत मुंग्या येत होत्या. मी पुटपुटले.

“मोठ्यानं सांग. गाडी मी घ्यायलोय का?”

सांगितलं. चेहरा तापला होता.

विठ्ठलराव हसले. “तीस वर्षं एसटी हाकली तुमी, अन् या पोरीचं ऐकायलाव?”

“तिचंच ऐकायलोय.”

शोरूमच्या मेकॅनिकनं कुरकुरत खाली वाकून पाहिलं. इंजिन धरणारा एक बोल्ट सैल होता. तो आवळल्यावर पुन्हा चक्कर मारली, तेव्हा मुंग्या गेल्या होत्या. पहिला पेढा विठ्ठलरावांनी मला दिला.

गेल्या रविवारी तेच फाटकाशी आले. लेकीसाठी स्कूटर घ्यायची होती. “आता कुणाला न्यावं, वैनी?”

“हिला न्या,” काकू म्हणाल्या.

मी काकूंना आत ओढलं. “काकू, काका उगीच माझं मन राखायचे...”

“मन कशाचं गं? साखरेनं त्यांचे तळपाय बधिर झालते. चप्पल निसटली तरी कळायचं न्हाई. स्कूटरचे दोन्ही ब्रेक हातात, म्हणून चालवायचे. पायाखालचं तूच सांगायचीस की.”

मला कधीच कळलं नव्हतं.

उंबऱ्याशी काकांचे सँडल आहेत, मागे पट्टा असलेले. तो पट्टा ते रोज वाकून, हातानं चाचपून घट्ट लावायचे. मला ती ड्रायव्हरची शिस्त वाटायची... काकूंनी सँडल अजून हलवलेले नाहीत. त्यांच्या बाजूच्या माझ्या चपला मी पायात सरकवल्या.

“थांबा, येते मी,” मी म्हणाले. फाटकापर्यंत ऐकू गेलं.