संमेलन तेरला गेलं

बार्शी-लातूर रस्त्यावरचा एकूण एक हॉटेलवाला महारुद्राला ओळखत होता. त्याला कुठं कडक चहा लागतो, कुठं तो नुसतं पाणी पिऊन पुढं निघतो, हे त्यांना तोंडपाठ. ओळखत नव्हतं ते फक्त त्याच्या तेर गावच्या घरचं कुत्रं. महिन्या-दोन महिन्यांनी हा माणूस दारात उभा राहिला की ते असं काही अंगावर धावायचं, की त्याच्या बायकोला, मथुराबाईला, आतून ओरडावं लागायचं, "आरं मुडद्या, घरचा धनी हाय त्यो! येऊ दे की आत!"

यात कुत्र्याची काही चूक नव्हती. चूक असलीच तर महालिंगप्पाची. महालिंगप्पा म्हणजे उस्मानाबादेतला आडत दुकानदार, सगळे त्याला अप्पा म्हणत. निजाम गेला, रझाकार गेले, आपलं राज्य आलं आणि अप्पानं मोटारमालक व्हायचं ठरवलं. त्याच्या दोन ट्रक होत्या. त्यातली एक कायम दुरुस्तीला असायची, आणि दुसरी, महारुद्र चालवायचा ती, कायम रस्त्यावर.

अप्पा माणूस वाईट नव्हता हो, उगाच कशाला खोटं बोला. तोंडात शिवी नाही, कुणावर हात उचलणं नाही. त्याचा एकच नेम होता, कुणाला 'नाही' म्हणायचं नाही. ड्रायव्हरनं सुट्टी मागितली की अप्पा म्हणायचा, "जा की! तुझंच घर आहे. एवढी एक खेप तेवढी टाकून ये." आणि ती खेप टाकून यावं तर तिला दुसरी झालेली असायची. अशानं ड्रायव्हर टिकेनात. एक गेला, दुसरा गेला, आणि मेले सगळे एसटीतच जायचे. खाकी कपडे, वर साहेबाच्या शिव्या, आणि तरी हसत जायचे.

अप्पाच्या जिवाला ते फार लागलं. "दसऱ्याला गाडीला हार घालतो, तसा ड्रायव्हरलाही घालतो. दिवाळीला धोतर देतो. अजून पाहिजे तरी काय ह्या लोकांना?" हे त्यानं वकिलाला विचारलं, न्हाव्याला विचारलं, कीर्तनाला आलेल्या बुवांना विचारलं. ड्रायव्हरला तेवढं विचारायचं राहिलं. त्याला बिचाऱ्याला काय कळतंय, असं अप्पाला प्रामाणिकपणे वाटायचं.

शेवटी तो विष्णुपंतांकडं गेला. विष्णुपंत हे तुळजापूरचे निवृत्त हेडमास्तर. बारशाला बोलवा नाहीतर तेराव्याला, मास्तर भाषण केल्याशिवाय जेवायला बसत नसत. त्यांनी डोळे मिटून विचार केला आणि म्हणाले, "अप्पा, प्रश्न मोठा आहे. यावर संमेलन घेतलं पाहिजे. चालक-मालक स्नेहसंमेलन!"

इकडं महारुद्राच्या घरी निराळंच शिजत होतं. त्याच्या थोरल्या पोरीला, हरणाला, अणदूरचं स्थळ आलं होतं. मुलगा मार्तंड, एसटीत ड्रायव्हर, निर्व्यसनी. पोरीचा फोटो पसंत, घर पसंत, पण मुलाचा बाप ज्ञानोबा हा मोठा खमक्या म्हातारा. दोनदा पोरीला बघायला आला आणि दोन्ही वेळा महारुद्र रस्त्यावर. "बापच नसता तर गोष्ट निराळी," ज्ञानोबा म्हणाला. "हाय म्हनता, आन् दिसत तर न्हाय. बाप बघितल्याबिगर म्या सुपारी फोडनार न्हाय." आता मार्तंडाची सुट्टी सोमवारी, म्हणून येत्या सोमवारी दुपारी तिसऱ्यांदा येतो, आणि तेच शेवटचं, असा त्याचा निरोप होता.

महारुद्रानं अप्पापुढं हात जोडले. "अप्पा, सोमवारी घरी जायाला पायजे. पोरीचं हाय."

"जा की! सोन्यासारखी गोष्ट आहे."

"खेप न्हाय न्हवं?"

"अजिबात नाही. सोमवारी खेपच ठेवली नाही."

अप्पा खरंच बोलत होता. सोमवारी त्यानं संमेलन ठेवलं होतं.

सोमवारी सकाळी महारुद्र दाढी करून, धुतलेली टोपी घालून निघाला, तर अप्पानं त्याला आडत बाजारातच गाठलं. "अरे, तू सगळ्यात जुना ड्रायव्हर. तुझ्याशिवाय ड्रायव्हरांचं संमेलन कसं व्हायचं? मास्तर चार शब्द बोलतील, हार घालतो, की सुट तू. तेरची बाराची मोटार सहज सापडते."

मांडवाचा खर्च नको म्हणून अप्पानं महारुद्राच्या ट्रकचंच स्टेज केलं होतं. एका बाजूची फळी पाडलेली, वर सतरंजी, टेबल, दोन खुर्च्या. मास्तर बोलता बोलता मागं सरकतात आणि पडतात, म्हणून खुर्च्या-टेबल दोरीनं पक्के बांधलेले. केबिनच्या टपावर लाउडस्पीकरचा कर्णा, खाली बॅटरी. समोर श्रोते म्हणून आडतीतले हमाल बसवले होते. त्यांच्यात अप्पाचा दुसरा ड्रायव्हर सिद्धलिंग. तो भाड्याच्या गाडीवर रात्रभर जागून नुकताच आला होता आणि एका हमालाच्या खांद्यावर डोकं टाकून घोरत होता.

"पाहा, पाहा!" मास्तर माइकवर कडाडले. "श्रोते कसे तल्लीन झालेत! चालकाला काय हवं? चालकाला हवी आपुलकी! चालकाला काय हवं? चालकाला हवा गौरव! चालक ही राष्ट्राच्या गाड्याची..." आणि मग राष्ट्राच्या गाड्याला जेवढी म्हणून चाकं असतील तेवढी त्यांनी एकेक करून फिरवली.

महारुद्र गळ्यात झेंडूचा हार घालून स्टेजच्या कडेला उभा होता आणि त्याचं सगळं ध्यान स्टँडकडं होतं. बाराच्या मोटारीचा भोंगा वाजला. मोटार गेली. आता संध्याकाळपर्यंत तेरला काही नव्हतं. पोरगी बिचारी लुगडं नेसून बसली असेल, मथुरा सारखी दारात जात असेल, आणि तो म्हातारा काठी घेऊन उठायच्या बेतात असेल.

"आता आपले ज्येष्ठ चालक महारुद्र स्वतःच सांगतील," मास्तर पाण्याचा घोट घेण्यापुरते थांबले, "की चालकाला नेमकं काय हवं!"

महारुद्र माइकपुढं गेला. हमालांनी टाळ्या वाजवल्या.

"मला घरी जायाचंय," तो म्हणाला. "पोरीला बघाय पाव्हणे आल्यात. मोटार तर गेली. अप्पा, गाडी द्या."

काय टाळ्या पडल्या म्हणता! मास्तरांच्या डोळ्यांत पाणी आलं. "साधेपणा पाहा! कुटुंबवत्सलता पाहा! यावरून मला कण्व ऋषी आठवतात..."

"ने की गाडी, ने," अप्पा लोकांकडं बघून हसत म्हणाला. "मी कधी नाही म्हटलंय का? एवढं मास्तरांचं होऊ दे."

मास्तरांचं कधी होत नसतं, हे अख्ख्या जिल्ह्याला माहीत. पण गाडी ने म्हणून मालकानं चार लोकांत सांगितलं होतं, आणि महारुद्र हुकमाचा माणूस. तो खाली उतरला. पाडलेली फळी उचलून जागेवर बसवली आणि दोन्ही कड्या घातल्या. आत धान्य असो की हेडमास्तर, सांडता कामा नये.

"रुद्रा, हे काय करतोस?" अप्पानं वर खुर्चीतून विचारलं.

"गाडी नेतो, अप्पा. तुमचं चालू द्या."

आणि गाडी हलली. सिद्धलिंग तेवढा झोपेत म्हणाला, "सावकाश रं," आणि कूस बदलली.

गाव सुटेपर्यंत मास्तर बोलतच होते. अप्पा मात्र टेबलाला मिठी मारून बसला होता. त्याच्या तोंडापुढं माइक आला, आणि कर्ण्यातून शिवारभर आवाज घुमू लागला, "थांबव! अरे रुद्रा, थांबव! देवाशपथ, तुला काय पाहिजे ते देतो!" निवडणुकीचे दिवस होते. वस्तीवस्तीतून माणसं पळत रस्त्याला आली. "कोन उभं राह्यलंय?" "निशानी काय हाय?" असं ओरडू लागली. एका ठिकाणी तर बायकांनी अप्पाला लांबूनच ओवाळलं. 'काय पाहिजे ते देतो' म्हणणारे त्या महिन्यात बरेच येऊन गेले होते. पण हा देवाशपथ म्हणून रडतोय, म्हणजे खरा असावा, असं लोकांचं मत पडलं.

तेरला महारुद्राच्या दारात गाडी उभी राहिली तेव्हा ज्ञानोबा पायात वहाणा घालत होता. ट्रकवरून धुळीनं पांढरा झालेला, उपरणं सावरणारा जाडजूड माणूस उतरताना बघून त्यानं वाकून नमस्कार केला. "या व्याही. लई वाट बघाय लावली!"

"ते न्हवं, त्ये मालक हायती," मथुराबाई पदर तोंडाला लावून म्हणाली. "आमचे ह्ये हिकडं."

ज्ञानोबानं महारुद्राला हारासकट खालीवर न्याहाळलं, मग गाडी बघितली, कर्णा बघितला, आणि वहाणा काढल्या. बाप तर दिसलाच, वर मालकालाही पाठीवर घालून आणलाय म्हणजे घराणं बळकट दिसतंय! बैठक बसली. हरणा आली, पोहे फिरले. नाव झालं, गाव झालं, सैपाक येतो का झालं. ज्ञानोबानं सुपारी हातात घेतली. महारुद्राला कितीतरी वर्षांनी छातीभर श्वास आला.

पोटात पोहे गेल्यावर अप्पाचाही राग निवळला. त्याची नजर मार्तंडावर पडली. धट्टाकट्टा पोरगा, दंड चांगले, आणि ड्रायव्हर!

"एसटीत काय देतात रे तुला?" अप्पानं विचारलं. "माझ्याकडं ये. त्याहून जास्त देतो. दुसरी गाडी येत्या आठवड्यात नीट होतेय."

ज्ञानोबाची सुपारी हातातच राहिली. "जास्त देता म्हनता?"

"वा!" मास्तर उभेच राहिले. "सासरा आणि जावई एकाच मालकाच्या छायेत! याहून भाग्याची गोष्ट..."

ज्ञानोबा मनात आकडेमोड करत होता. महारुद्रानं तोंड उघडलं आणि मिटलं. समोर मालक, बाजूला व्याही, मध्ये पोरीची सुपारी. एकाला दुखवावं तर दुसरं मोडायचं. सगळ्या रस्त्यानं ह्या माणसाच्या अंगात जे वारं आलं होतं ते घरात बसल्या बसल्या उतरून गेलं.

"मग मला ह्ये स्थळ न्हाय पायजे."

बोलणारी हरणा होती. बघायला आलेल्या माणसांपुढं पोरीनं मान वर करायची नसते, तिनं केली होती. मथुराबाईनं तिचा दंड दाबला, तरी ती थांबली नाही.

"अप्पांच्या गाडीवर जानार असतील तर नको. आईनं जन्मभर भाकरी झाकून ठिवली आन् सकाळी गुराला घातली. म्या तसलं करनार न्हाय. पैसा कमी असंना, घरी येनारा मानूस पायजे."

महारुद्राचे कान तापले. पोरगी आपल्यावर रागावलेली आहे, हे त्याला त्या घडीला पहिल्यांदा कळलं. तिचं बोलणं एकेक शब्द खरं होतं, म्हणून त्याला बापाचा दरारा दाखवायलाही तोंड उरलं नाही.

"बाबा," मार्तंड म्हणाला, "म्या एसटीतच बरा हाय. सुपारी फोडा."

ज्ञानोबानं एकदा अप्पाकडं बघितलं, एकदा पोरीकडं, आणि सुपारी फोडली. अप्पा मास्तरांच्या कानाला लागला, "मास्तर, हिला तरी नेमकं काय पाहिजे?" आणि मास्तरांना, आयुष्यात पहिल्यांदाच, एकही शब्द सुचला नाही.

पाव्हण्यांना पाणी द्यावं म्हणून महारुद्र उठला. आत गेला, चुलीपुढं उभा राहिला, ह्या कोनाड्यात बघितलं, त्या फळीवर बघितलं. मग दारातून हळूच हाक मारली, "मथुरा, आपल्यात तांब्या कुठं असतोय गं?"